पैसा कुणाचा होता, हे विचारायचं कुठे?

२०२५ च्या गणपतीला सुधाताई आणि भाऊजी बोरिवलीहून आले होते, अवंतिका एक्स्प्रेसने, आणि अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे इथल्या कापड मिलच्या चित्ररथांची मिरवणूक, बघितल्याशिवाय परत जायचं नाही असं ताईने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. सुधाताई माझी मावसबहीण, लग्न होऊन मुंबईला गेली त्याला आता चाळीस वर्षं होतील पण इंदूरची झांकी म्हटलं की अजून लहान होते. जेल रोडला ओळखीच्यांच्या ओटल्यावर आम्हाला जागा मिळाली होती, मिलच्या झांक्या एकामागून एक येत होत्या, मध्ये आखाडेवाले, बँडवाले, आणि ढोलाचा ट्रक जवळ आला की भाऊजी दर वेळी उजव्या कानात बोट घालून भिंतीकडे वळायचे. डावा कान तसाच उघडा. कारण डाव्या कानाने त्यांना १९ वर्षं झाली काहीच ऐकू येत नाही.

११ जुलै २००६ ला भाऊजी चर्चगेटहून घरी येत होते. माहीमला स्फोट झाला त्या गाडीत, फर्स्ट क्लासच्या शेजारच्या डब्यात. त्या संध्याकाळी मुंबईच्या लोकल गाड्यांमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, १८९ माणसं गेली आणि आठशेच्या वर जखमी झाली. भाऊजी जखमींच्या त्या आकड्यातले एक. मोजणाऱ्याच्या दृष्टीने किरकोळ जखमी, म्हणजे जीव वाचला, हातपाय शाबूत, फक्त एक कान गेला आणि झोप गेली.

२०२५ च्या जुलैत काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. २०१५ ला खालच्या कोर्टाने १२ जणांना दोषी ठरवलं होतं, ५ जणांना फाशी आणि ७ जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सगळ्यांना सोडलं, त्यातला एक तर २०२१ मध्येच गेला होता. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही. भाऊजींनी ही सगळी कात्रणं एका हिरव्या फाइलमध्ये लावलीयेत, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, कानाचे ऑडिओग्राम, रेल्वेच्या क्लेम ट्रिब्यूनलचे कागद आणि त्या दिवशीचा पास. पास एका कोपऱ्यात वितळल्यासारखा झालाय.

झांकी बघून पहाटे घरी आलो, झोप कुणालाच नव्हती, मी पोहे टाकले. भाऊजी ती फाइल घेऊन टेबलाशी बसले. मला वाटलं निकालावर रागावले असतील पण तसं नव्हतं. म्हणाले, ‘ही माणसं निर्दोष असतील तर सुटली हे बरंच झालं गं, मला उगाच कुणाला फासावर बघायचं नाहीये. पण ते सामान कुणी तरी विकत आणलं, खोल्या भाड्याने घेतल्या, माणसं इकडून तिकडे नेली, या सगळ्याला पैसा लागतो ना? तू तर जन्मभर बँकेत काढलास. तो पैसा कुणाचा होता हे मला विचारायचंय. कुठे विचारू?’

मला उत्तर देता आलं नाही. ३३ वर्षं बँकेत काम केलं, शेवटची काही वर्षं केवायसी आणि संशयास्पद व्यवहारांच्या रिपोर्टचं टेबल माझ्याकडे होतं, तरी ‘कुठे विचारू’ला माझ्याकडे पत्ता नव्हता. त्यानंतर दीड महिना मी याच विषयाच्या मागे आहे. जिथे जिथे लोकांनी हा प्रश्न कोर्टात नेलाय ते निकाल वाचतेय, जे समजलं नाही ते आमच्या शेजारच्या वकीलकाकांना विचारतेय, ते जिल्हा कोर्टात सिव्हिल बघतात. जे हाती लागलं ते इथे लिहितेय, मुख्य म्हणजे भाऊजींसाठीच.

पहिल्यांदा मला जे कळलं आणि ज्याने मी थांबले ते आयर्लंडचं. १५ ऑगस्ट १९९८ ला उत्तर आयर्लंडमधल्या ओमा नावाच्या गावात भर बाजारात कारबॉम्ब फुटला, २९ जण गेले. फौजदारी केस काही टिकेना. मग घरच्या लोकांनी स्वतःच दिवाणी दावा लावला, आणि २००९ च्या जूनमध्ये बेलफास्टच्या हायकोर्टाने चार माणसं आणि रिअल आयआरए ही अतिरेकी संघटना जबाबदार धरून १६ लाख पौंडांची भरपाई ठरवली. फौजदारीत ‘संशयाला जागाच नको’ इतका पुरावा लागतो, दिवाणीत पारडं कुणाकडे झुकतंय एवढं बघतात. म्हणजे फौजदारी संपली तरी प्रश्न संपत नाही. भाऊजींना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘परत सांग, उजव्या कानाला लावतो.’

पैसा पुरवणाऱ्यांवरचे दावे मात्र सगळ्यात जास्त अमेरिकेत झालेत. सुरुवात एका जहाजापासून झाली. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये आकिले लाउरो नावाचं इटालियन प्रवासी जहाज अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं आणि व्हीलचेअरवरच्या ६९ वर्षांच्या एका अमेरिकन प्रवाशाला, लिऑन क्लिंगहॉफरना, गोळी घालून खुर्चीसकट समुद्रात टाकलं. घरच्यांनी पीएलओवर, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेवर, दावा लावला तर आधी हाच वाद की अमेरिकन कोर्टाला हे ऐकायचा अधिकार आहे का. त्यातून १९९० च्या सुमाराला अँटी टेररिझम ॲक्टमधली तरतूद आली, की परदेशातल्या दहशतवादी हल्ल्यात इजा झालेला अमेरिकन नागरिक किंवा त्याचे वारस अमेरिकेच्या कोर्टात दावा लावू शकतात आणि नुकसान सिद्ध झालं तर तिप्पट भरपाई, वर वकिलाचा खर्च. क्लिंगहॉफर कुटुंबाचं प्रकरण १९९७ ला तडजोडीने मिटलं.

पण बंदूक चालवणारा कंगाल असतो किंवा मेलेला असतो. त्याच्याकडून काय वसूल करणार? म्हणून वकिलांनी मागे जायला सुरुवात केली, देणगी देणारी संस्था, खातं ठेवणारी बँक. यातला बॉइम खटला मी तीनदा वाचला. १९९६ मध्ये वेस्ट बँकमध्ये बसस्टॉपवर उभ्या असलेल्या डेव्हिड बॉइम या १७ वर्षांच्या अमेरिकन मुलाला गोळी लागली आणि तो गेला. आईवडिलांनी शिकागोच्या कोर्टात अमेरिकेतल्या संस्थांवर दावा लावला, की तुम्ही धर्मादायाच्या नावाने गोळा केलेला पैसा हमासला पोचवत होतात. २००४ मध्ये ज्युरीने ५ कोटी २० लाख डॉलर ठरवले, तिप्पट होऊन १५ कोटी ६० लाख. २००८ मध्ये अपील कोर्टात न्यायाधीश पोझ्नर यांनी जे लिहिलं ते असं, की अशा संघटनेला पैसे देणं म्हणजे लहान मुलाच्या हातात भरलेली बंदूक देणं, मूल काय करेल ते तुमच्या मनात नसेल, पण काय होऊ शकतं ते तुम्हाला माहीत आहे.

संस्थांचं म्हणणं होतं आमचा पैसा शाळेला, दवाखान्याला गेला. यावर काय म्हणावं ते मला मंडळाच्या हिशोबातून लगेच समजलं. मी आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाची तीन वर्षं खजिनदार आहे. एक काका दरवर्षी ५०० रुपये वर्गणी देतात आणि पावतीवर लिहून घेतात ‘फक्त प्रसादासाठी’, कारण त्यांना लाउडस्पीकर आवडत नाही. आता मी ते ५०० प्रसादाला लावते, अगदी प्रामाणिकपणे, पेढ्यांच्या बिलाला जोडून. पण त्यामुळे मंडळाचे जे ५०० प्रसादाला गेले असते ते वाचतात आणि लाउडस्पीकरवाल्याला जातात. काकांचा पैसा प्रसादात आहे आणि लाउडस्पीकरमध्येही आहे. कोर्टाने हेच म्हटलं. दवाखाना चालवून संघटनेची तिजोरी एका बाजूने भरली की दुसऱ्या बाजूने ती हत्यारांना मोकळी होते. आणि त्याच निकालात हेही लिहिलंय की रेडक्रॉससारखी संस्था समोर आलेल्या जखमीवर उपचार करते, तो कोण हे न बघता, तर ती यात येत नाही. हे लिहिलेलं वाचून मला फार बरं वाटलं, कारण नाहीतर कुठलाही डॉक्टर घाबरला असता. त्या आईवडिलांना ठरलेली पूर्ण रक्कम मात्र कधीच मिळाली नाही, संस्थाच बंद पडल्या.

आता माझ्या मनात सगळ्यात खोल गेलेली केस, आणि तिचा दहशतवादाशी काही संबंध नाही. वॉशिंग्टनमध्ये १९८० मध्ये एका घरफोड्याने एका डॉक्टरला त्याच्याच घरात गोळी घातली. हा माणूस अनेक वर्षं रात्री बाहेर जायचा, दागिने, चांदीची भांडी, जुन्या मौल्यवान वस्तू घेऊन यायचा, घराच्या गॅरेजमध्ये भट्टी लावून सोनं-चांदी वितळवायचा. त्याच्याबरोबर राहणारी बाई घरी बसून हिशोब ठेवायची. विक्रीची पत्रं टाइप करायची, वस्तूंच्या याद्या करायची, पैसे खात्यात भरायची. कधी कुणाच्या घरात शिरली नाही, हत्याराला हात लावला नाही, त्या रात्री ती तिथे नव्हती. डॉक्टरांच्या पत्नीने दोघांवर दावा लावला आणि १९८३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की खुनाच्या भरपाईला ही बाईसुद्धा जबाबदार आहे, ५७ लाख डॉलर. हॅल्बरस्टॅम विरुद्ध वेल्च. तिने म्हटलं मला माहीत नव्हतं. कोर्टाने तिच्या हिशोबाकडे बोट दाखवलं, की सगळे व्यवहार तुझ्या हातून जात होते, फक्त माल खरेदी केल्याचे पैसे कुठेच नव्हते. विक्री आहे, खरेदी नाही.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मी उठून पाणी प्यायले. जमा आहे आणि नावे नाही. ३३ वर्षं आम्ही दुसरं काय बघत होतो? पुढे २०१६ मध्ये अमेरिकेने जास्टा नावाचा कायदा केला, ९/११ च्या घरच्यांना सौदी सरकारवर दावा लावता यावा म्हणून, ओबामांनी त्यावर व्हेटो वापरला आणि संसदेने तो उलटवला, त्यांच्या आठ वर्षांत उलटलेला तो एकच व्हेटो. त्या कायद्यात दहशतवाद्याला जाणूनबुजून मोठं साहाय्य करणाऱ्यावरही दावा लावता येतो असं घातलं, आणि साहाय्य म्हणजे काय हे बघायला संसदेने दाखला दिला तो या हिशोब लिहिणाऱ्या बाईच्या खटल्याचा.

माझ्या टेबलावर एकदा असं खातं आलं होतं, कुठली बँक कुठली ब्रँच ते सांगत नाही. एका ट्रस्टचं खातं. पाच-सात गावांतून एकाच दिवशी छोट्या छोट्या रकमा रोखीत जमा व्हायच्या, आठ हजार, नऊ हजार, आणि त्याच संध्याकाळी तिसऱ्याच राज्यातल्या एटीएममधून निघून जायच्या. ट्रस्ट शाळा चालवतो असं फॉर्मवर होतं, पण पगार नाही, विजेचं बिल नाही, खडूचं बिलसुद्धा नाही. दहा लाखांवरच्या रोखीचा रिपोर्ट आपोआप जातो, पण संशय आला तर रकमेला मर्यादा नसते, आठ हजारांवरही रिपोर्ट करता येतो. मी केला. वरचे साहेब म्हणाले मॅडम कशाला, चांगलं खातं आहे, तरी मी केला. पुढे काय झालं मला कधी कळलं नाही आणि कळणारही नव्हतं, रिपोर्ट केलाय हे खातेदाराला सांगायचं नाही असा नियमच आहे आणि ब्रँचला मागचा निरोप येत नाही. कदाचित सगळं सरळ असेल. पण मी तो रिपोर्ट केला नसता आणि उद्या कुणी मला विचारलं असतं की खडूचं बिल नाही हे तुम्हाला दिसत होतं ना, तर मी काय सांगितलं असतं?

हेच जॉर्डनच्या अरब बँकेला विचारलं गेलं. २००४ मध्ये ब्रुकलिनच्या कोर्टात दावा लागला, की आत्मघाती हल्लेखोरांच्या घरच्यांना साधारण ५३०० डॉलरची रक्कम या बँकेतून दिली जात होती. बँकेने खात्यांचे कागद द्यायला नकार दिला, म्हणे आमच्या देशांतले गोपनीयतेचे कायदे आड येतात. ग्राहकाची माहिती बाहेर द्यायची नाही हे आमच्याही हाडात मुरवलेलं असतं म्हणून मला बँकेचं म्हणणं कळतं. पण कोर्टाने ज्युरीला सांगितलं, कागद दिले नाहीत यावरून तुम्ही निष्कर्ष काढू शकता. २०१४ मध्ये ज्युरीने बँकेला जबाबदार धरलं, अशा दाव्यात बँक जबाबदार धरली जायची ती पहिलीच वेळ. मग तडजोड झाली, आणि २०१८ मध्ये अपील कोर्टाने ज्युरीला दिलेल्या सूचनाच चुकल्या म्हणून तो निकाल रद्दही केला.

आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने ट्विटरला सोडलं. इस्तंबूलच्या एका नाइटक्लबमध्ये २०१७ च्या नववर्षाच्या रात्री ३९ जणांना मारलं होतं, घरच्यांचं म्हणणं की आयसिसचे व्हिडिओ तुम्ही चालू दिलेत. कोर्ट म्हणालं, सगळ्या जगाला सारखी सेवा देणं आणि या हल्ल्याला जाणूनबुजून हात लावणं यात फरक आहे. आमच्याकडे काही जणांना हा निकाल चुकीचा वाटला, मला तो बरोबर वाटतो. नाहीतर वीज कंपनीपासून दूधवाल्यापर्यंत सगळेच आरोपी. माहीत होतं का, आणि माहीत असून हात लावला का, एवढंच बघायचं. ज्या १२ जणांची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली ते आठवलं की मला वाटतं ही रेघ जितकी स्पष्ट तितकं चांगलं, कारण हाताशी सापडेल त्याच्यावर दावा लावून भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही, आणि आपल्याकडे असा दावा कुठल्या वस्तीतल्या कुठल्या ट्रस्टवर आधी लागेल हे सांगायला ज्योतिषी नको.

मग आपलं काय? २६/११ ला १६६ जण गेले, त्यात ६ अमेरिकन होते. नरिमन हाउसमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांनी २०१० मध्ये ब्रुकलिनमध्ये लष्कर-ए-तैयबा आणि थेट आयएसआयवर दावा लावला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन सरकारनेच कोर्टाला कळवलं की आयएसआय आणि तिच्या माजी प्रमुखांना संरक्षण आहे, आणि ते त्यातून सुटले. तरी त्यांना निदान दारापर्यंत जाता आलं. सीएसटीवर पडलेल्या माणसाच्या बायकोला तेही नाही, ती अमेरिकन नाही.

वकीलकाकांनी मला ओटल्यावर बसून एकेक सांगितलं. दहशतवादाला पैसा पुरवणाऱ्यावर बळीच्या घरच्यांनी दावा लावावा असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या १७ व्या कलमात शिक्षा आहे, पाच वर्षं ते जन्मठेप, पण ती केस सरकारची, आणि जप्त झालेली मालमत्ता सरकारजमा. मृत्यू झाला असेल तर १८५५ सालचा फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट आहे, इंग्रजांच्या काळातला, त्याची मुदत दोन वर्षं. अमेरिकेत याच कामाला दहा वर्षं आहेत. दोन वर्षांत तर आपल्याकडे चार्जशीटचे कागद हातात येत नाहीत. परदेशी सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८६ व्या कलमाखाली आधी केंद्र सरकारची लेखी परवानगी. आणि जेवढी भरपाई मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरा. अमेरिकन वकील जिंकलो तरच फी घेतो म्हणतो, आपल्याकडे वकिलाला तसं ठरवायची मनाईच आहे. म्हणजे ज्याचा कमावता माणूस गेला त्यानेच आधी पैसे मोजायचे.

ट्रिब्यूनलने, सरकारने दिलेली मदत वेगळी. २००६ मध्ये रेल्वेवरच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर ४ लाख ठरलेले होते, २०१७ पासून ८ लाख. ते मिळाले पाहिजेत, लगेच मिळाले पाहिजेत. पण तिथे पैसा कुणी पुरवला हे कुणी विचारत नाही, तिथे फक्त तिकीट किंवा पास बघतात. दिवाणी दाव्यात समोरच्याला कागद उघडावे लागतात, खातेउतारे, पत्रं, कुणी सही केली. मला वाटतं भाऊजींना रकमेपेक्षा ते कागद हवेत. मला स्वतःला मनापासून वाटतं की आपल्याकडे असा कायदा हवा, कोर्ट फी माफ, मुदत दहा वर्षं, माहीत असून दिलं हे सिद्ध करायची अट कडक, आणि जप्त झालेल्या पैशातला वाटा आधी घरच्यांना. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण गेले, त्यात आमच्या इंदूरचेही एक होते. त्यांची दोन वर्षं कधीच मोजायला सुरुवात झालीये.

मी हे वकीलकाकांना म्हटलं तर ते म्हणाले, ‘होईल, पण वेळ लागेल, हुकुमचंद मिल आठवते ना.’ मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांचे अडकलेले पैसे सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, मधल्या काळात कितीतरी जण गेले, आणि तरी दरवर्षी झांकी निघत राहिली. त्या रात्री जेल रोडवरून गेली तीसुद्धा, आणि भाऊजी तिच्याकडे पाठ करून कानात बोट घालून उभे होते.

जाताना ते हिरवी फाइल माझ्याकडे ठेवून गेले. ताई म्हणाली अहो राहू द्या, तर म्हणाले, ‘हिला कागद वाचता येतात.’ पास मी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलाय, ऑडिओग्रामची शाई उडायला लागलीये म्हणून ते आधी स्कॅन करून घेतेय.